डंजन्स अँड ड्रॅगन्स: कुठली आवृत्ती खपली, कुठली आपटली, आणि का?

फासेकर (धागाकर्ता)

परवा छंदांच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं की फिफ्थ एडिशन एवढी चालली कारण नियम सोपे, आणि फोर्थ पडली कारण ती कंप्युटर गेमसारखी वाटायची. हे मी गेली दहा वर्षं ऐकतोय आणि मला पटत नाही. तिथे लिहिलं असतं तर विषय भरकटला असता म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, त्यातला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर. समोर काय दिसतंय ते तो सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवतो. जिंकणं-हरणं नाही, एकेक गोष्ट दोन-दोन वर्षं चालते.

आता माझं म्हणणं. पन्नास वर्षांचा इतिहास बघितला तर जेव्हा जेव्हा ओ की ठो माहीत नसलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी टेबलावर बसू शकला तेव्हा हा खेळ खपला, आणि जेव्हा जेव्हा कंपनीने आपल्याच गिऱ्हाइकांच्या वाटण्या केल्या तेव्हा आपटला. नियम चांगले की वाईट हा त्यानंतरचा भाग.

सुरुवात बघा. जानेवारी १९७४, विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा नावाचं छोटं गाव, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा खेळ, आणि छापायला कुणी तयार नाही म्हणून मित्रांनी पैसे घालून काढलेली कंपनी, टीएसआर. पहिली छपाई फक्त १००० प्रतींची. लाकडासारख्या दिसणाऱ्या खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, आणि ती खोकी भरायची कुठे तर गायगॅक्सच्या घरी. हजार प्रती संपायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या पुस्तिका आज वाचल्या तर खेळायचं कसं हेच धड कळत नाही, तुमच्याकडे चेनमेल नावाचा त्यांचाच दुसरा युद्धखेळ आहे असं धरूनच चालले होते! त्यामुळे शिकायचं तर ज्याला येतं त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, दुसरा मार्गच नव्हता.

हे ओळखलं ते बाहेरच्या माणसाने. जे. एरिक होम्स, हा न्यूरॉलॉजीचा प्राध्यापक, त्याने आपण होऊन टीएसआरला कळवलं की नवशिक्यांसाठी मी लिहून देतो, आणि १९७७ मध्ये त्याचा बेसिक सेट आला. त्याच वर्षापासून गायगॅक्सने ॲडव्हान्स्ड डी अँड डी (म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स)ची जाडजूड पुस्तकं काढायला घेतली, १९७७ ला मॉन्स्टर मॅन्युअल, १९७८ ला प्लेयर्स हँडबुक, १९७९ ला डंजन मास्टर्स गाइड. म्हणजे एकाच नावाचे दोन खेळ शेजारीशेजारी विकायला. त्यात १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक विद्यार्थी बेपत्ता झाला, पेपरवाल्यांनी त्याचा संबंध या खेळाशी जोडला, त्यात काही तथ्य नव्हतं, पण देशभर नाव झालं आणि खप वाढला. पुढे 'हा खेळ सैतानाचा' म्हणून चर्चवाल्यांनी आणि पालकांनी जी ओरड केली तिचाही परिणाम उलटाच झाला.

मग १९८१ ला टॉम मोल्डव्हेचा बेसिक आणि १९८३ ला फ्रँक मेंट्झरचा, ज्याला सगळे रेड बॉक्स म्हणतात. तो खेळण्यांच्या दुकानातही मिळायचा. माझ्याकडे एक आहे, हे लिहिताना समोर उघडून ठेवलाय. झाकणावर लाल ड्रॅगन. आत दोन पुस्तिका, सहा फासे आणि एक रंगीत खडू, तुमच्या-आमच्या शाळेतल्या क्रेयॉनसारखा. फाशांवरचे आकडे कोरलेले असायचे पण रंगवलेले नसायचे, तर खडू घासून आकडे भरायचे आणि वरचा रंग पुसून टाकायचा. माझ्या खोक्यातल्या वीस बाजूंच्या फाशावर अजून पांढरा खडू आहे, १७ चा आकडा अर्धाच भरलाय, कुणा पोराने सोडून दिला असेल. आणि पहिली पुस्तिका उघडली की ती थेट तुमच्याशीच बोलते. तुम्ही लढवय्ये आहात, गुहेत शिरताय, तिथे अलीना नावाची बाई भेटते, शेजारी बसून तुम्हाला सगळं समजावते, आणि थोड्या वेळाने बार्गल नावाचा जादूगार तिला मारून टाकतो. बारा वर्षांचं पोर घरी एकटं बसून हे वाचायचं आणि वाचून होईपर्यंत त्याला खेळ आलेला असायचा. शेजारी बसवायला माणूस नसेल तर पुस्तकच शेजारी बसलं! हा खोका जर्मन, फ्रेंच, जपानीतही गेला. माझ्या मते टीएसआरने केलेलं सगळ्यात हुशारीचं काम हेच.

सेकंड एडिशन १९८९ ची. गायगॅक्सला त्याआधीच, १९८५ मध्ये, स्वतःच्याच कंपनीचा ताबा गमवावा लागला होता. नियम सुटसुटीत झाले, पालकांची ओरड नको म्हणून डेमन-डेव्हिलांची नावंही बदलली. पण मग कंपनीने जगांचा, म्हणजे गोष्ट जिथे घडते त्या काल्पनिक जगांच्या पुस्तकांचा, सपाटा लावला. फर्गॉटन रेल्म्स, ड्रॅगनलान्स होतेच, त्यावर स्पेलजॅमर, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट. एकेक जग सुंदर आहे, प्लेनस्केप तर मी आजही काढून वाचतो, पण डार्क सनवाला रेव्हनलॉफ्टचं पुस्तक कशाला घेईल? गिऱ्हाईक तेवढंच आणि वाटे आठ. एक ना धड भाराभर चिंध्या. काही खोके तर असे की बनवायचा खर्चच विक्रीतून सुटत नव्हता. ॲडव्हान्स्डची जी मूळ पुस्तकं होती त्यांच्या खपाच्या जवळपासही सेकंडची मुख्य पुस्तकं पोचली नाहीत. वर पुस्तकांच्या दुकानांत माल पाठवला की रँडम हाउस ही वितरण करणारी पुस्तक कंपनी आगाऊ पैसे द्यायची, न खपलेला माल परत आला की ते फेडायचे, आणि १९९६ मध्ये माल ढिगाने परत आला. छापखान्याची बिलं थकली, छपाई बंद, डोक्यावर ३ कोटी डॉलरच्या वर कर्ज. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने कंपनी उचलली, तीही मॅजिक नावाच्या आपल्या पत्त्यांच्या खेळातून कमावलेल्या पैशावर.

आता थर्ड, इथे मी स्वतः येतो. २००० साली मी मिलवॉकीत कॉन्ट्रॅक्टवर होतो, Y२K ची कामं संपत आलेली, शनिवार-रविवार करायचं काय हा प्रश्न. ऑगस्टमध्ये ऑफिसातला एक जण म्हणाला चल, जेनकॉनला, म्हणजे खेळवेड्यांच्या वार्षिक मेळाव्याला, जाऊ. तेव्हा ते मिलवॉकीतच भरायचं. थर्ड एडिशनचं प्लेयर्स हँडबुक त्याच दिवसांत आलेलं, किंमत २० डॉलरला पाच सेंट कमी, मागच्या कव्हरात सीडी. मी घेतलं कारण बाकी सगळे घेत होते, आणि संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत जमिनीवर बसून माझं पहिलं पात्र तयार केलं. चार जणांत तिघे अनोळखी होते, आणि माझ्यासारखंच तिघांच्याही हातात पुस्तक होतं ते त्याच दिवशी घेतलेलं. सगळेच नवीन असल्यामुळे मला लाज वाटली नाही.

फोर्थ-फिफ्थबद्दल खाली लिहितो, आत्ता उठायला लागतंय.

नारळीकिनारा

मस्त धागा. रेड बॉक्सचा फोटो टाका ना, तो १७ आकडावाला फासा बघायचाय.

थर्डच्या वेळचं ते ओपन लायसन्सचं काय होतं ते पण लिहा, आमच्या पणजीच्या ग्रुपात सगळे त्याचं नाव घेतात पण नीट कुणालाच सांगता येत नाही.

फासेकर

फोटो रात्री टाकतो.

लायसन्स थोडक्यात असं. रायन डॅन्सी म्हणून विझार्ड्समध्ये होता, त्याचा हिशोब असा की छोटी छोटी साहसं, सोळा-बत्तीस पानांची पुस्तकं छापण्यात मोठ्या कंपनीला सुटत काहीच नाही. तर खेळाच्या नियमांचा गाभा सगळ्यांना मोकळा करायचा, ज्याला छापायचं त्याने छापा. पण ज्यांना डी ट्वेंटीचा, म्हणजे 'हे याच नियमांवर चालतं' असा, शिक्का लावून विकायचं त्यांना एक अट, पात्र कसं तयार करायचं आणि कसं वाढवायचं हे तुमच्या पुस्तकात लिहायचं नाही. म्हणजे कुणाचंही पुस्तक विकलं गेलं तरी गिऱ्हाइकाला प्लेयर्स हँडबुक घ्यावंच लागणार, ते विकणार आम्ही. डॅन्सीने टीएसआरच्या पडझडीचा अभ्यास केला होता, वाटण्या झाल्या की काय होतं ते त्याला माहीत होतं, म्हणून सगळ्यांना एकाच नियमाखाली आणायचा हा घाट. दोन-तीन वर्षं अफाट चाललं. मग जो उठला तो डी ट्वेंटीची पुस्तकं काढायला लागला, बरं-वाईट सगळ्याचं पेव फुटलं, दुकानं भरून गेली. त्यात २००३ मध्ये कंपनीने साडेतीन आवृत्ती काढली, तीनच वर्षांत, आणि दुकानदारांकडचा जुना माल एका रात्रीत शिळा झाला. मी तेव्हा ज्या दुकानात जायचो त्याने दारात टेबल मांडून एकेक डॉलरला पुस्तकं काढली होती, त्याचा चेहरा आठवतो अजून. पुढच्या उन्हाळ्यात ते दुकान नव्हतं.

दरम्यान १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विझार्ड्सलाच घेतलं होतं, सुमारे ३२.५ कोटी डॉलरला. टीएसआर गेली होती साधारण अडीच कोटीला. तो सगळा पैसा मॅजिक आणि पोकेमॉनच्या पत्त्यांसाठी मोजलेला, डी अँड डी पोत्याबरोबर आलं.

चौथीचा_वकील

फासेकर, लेख उत्तम पण फोर्थवर अन्याय होईल अशी भीती वाटतेय म्हणून तुम्ही लिहायच्या आत मी लिहितो.

फोर्थ २००८ च्या जूनमध्ये आली आणि सुरुवातीला जोरात खपली, हे लोक विसरतात. पडली असं जे म्हणतात त्याला आधार कुठला, तर आयसीव्हीटू म्हणून एक व्यापारी पत्रिका दुकानदार आणि वितरकांना विचारून दर तिमाहीला क्रमवारी लावायची, त्यात २०१० मध्ये पाथफाइंडर हा प्रतिस्पर्धी खेळ डी अँड डीच्या बरोबरीला आला आणि २०११ पासून पुढे गेला. पण त्या क्रमवारीत नगांचे आकडे नसतात, आणि फोर्थचा मोठा पैसा दुकानाबाहेर येत होता, डी अँड डी इनसायडर. महिन्याला वर्गणी भरा, सगळे नियम आणि पात्र बनवायचं सॉफ्टवेअर ऑनलाइन. मी स्वतः तीन वर्षं वर्गणी भरली आणि त्या काळात पुस्तकं घेतली दोनच, कारण सगळं तिथेच मिळायचं! म्हणजे दुकानदाराच्या लेखी मी गेलेलं गिऱ्हाईक आणि कंपनीच्या लेखी पक्कं. आज डी अँड डी बियाँड या तशाच वर्गणीच्या संकेतस्थळाचं सगळे कौतुक करतात, त्याची कल्पना फोर्थची.

दुसरं, लोक खेळताना ऐकायचं-बघायचं हे पण फोर्थपासून. ॲक्विझिशन्स इनकॉर्पोरेटेड हा पॉडकास्ट २००८ मध्ये फोर्थचा प्रचार म्हणूनच सुरू झाला. आणि क्रिटिकल रोल या ज्या इंटरनेटवरच्या खेळ-कार्यक्रमामुळे फिफ्थ चालली म्हणतात ना, त्या मंडळींचा घरातला पहिला डाव २०१२ मधला, फोर्थवरच. नंतर ते पाथफाइंडरला गेले, आणि २०१५ ला कॅमेऱ्यासमोर बसायची वेळ आली तेव्हा फिफ्थवर आले.

तिसरं, डीएमसाठी फोर्थसारखी आवृत्ती झाली नाही. राक्षसाचं सगळं एका चौकोनात, पान उलटायला नको. मला नोकरी, दोन मुलं, आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला डाव. तयारीला वीस मिनिटं मिळायची आणि ती पुरायची. थर्डमध्ये एका जादूगार शत्रूचे मंत्र निवडण्यात माझा अख्खा रविवार गेलाय.

फासेकर

वकीलसाहेब, राक्षसांच्या चौकोनाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. आणि वर्गणीचा मुद्दा मी लिहिणारच नव्हतो, बरं झालं तुम्ही लिहिला, फोर्थ पैशाच्या हिशोबात वाटते तितकी बुडीत नव्हती हे मान्य.

पण वाटण्यांचा मुद्दा बघा. ड्रॅगन आणि डंजन ही मासिकं पायझो नावाची कंपनी विझार्ड्सच्या परवान्यावर काढायची, २००७ मध्ये परवाना काढून घेतला. फोर्थसाठी जुनं मोकळं लायसन्स सोडून नवीन जाचक लायसन्स आणलं, ते मोठ्या प्रकाशकांना परवडेना. मग पायझोने काय केलं, साडेतीनचे नियम जुन्या लायसन्सखाली मोकळेच होते, ते घेतले, डागडुजी केली आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये पाथफाइंडर काढलं. ज्यांना बदल नको होता ते सगळे तिकडे. स्वतःच मोकळं केलेलं स्वतःच्याच समोर उभं राहिलं, आणि ते उभं करणारी माणसं कालपर्यंत यांचीच मासिकं काढत होती.

आणि नव्या माणसाच्या दृष्टीने बघा. फोर्थमध्ये चौकटींचा नकाशा आणि त्यावर हलवायच्या बाहुल्या जवळजवळ लागायच्याच. पहिल्याच पातळीच्या पात्राला वारंवार वापरायचे डाव वेगळे, लढाईत एकदाचे वेगळे, दिवसातून एकदाचे वेगळे. माझ्या मेव्हण्याला बसवला होता, तो बँकेत ऑफिसर, हुशार माणूस, तासाभरात म्हणाला मला वाचायला दे, पुढच्या वेळी खेळतो. पुढची वेळ आलीच नाही. तोच मेव्हणा २०१४ च्या फिफ्थच्या स्टार्टर सेटला बसला, तयार पात्राचा कागद हातात, रस्त्यात दोन मेलेले घोडे पडलेत, तुम्ही काय करता? तो म्हणाला घोड्यांचे मालक कोण ते बघतो. झालं, खेळायला लागला.

हौशी_हाउजी

मी एरवी इथे फक्त वाचते, पण हे वाचून राहवलं नाही.

आम्ही २००३-०४ ला पुण्यात कर्वेनगरला होस्टेलवर खेळायचो, थर्डच. पुस्तक आमच्यापैकी कुणीच विकत घेतलं नव्हतं. नेटकॅफेत बसून ते मोकळे नियम उतरवून घेतले, प्रिंट काढल्या, मग त्यांच्या झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग, तेव्हा पन्नास पैसे पान होतं. त्यात पात्र कसं वाढवायचं तेच नव्हतं, आम्हाला वाटलं पानं गहाळ झाली! आज फासेकरांचं वाचून कळलं की ते मुद्दामच काढलेलं. आम्ही आमचे आमचे नियम बनवले, परीक्षा पास झाली की पातळी वाढायची.

आणि फासे. वीस बाजूंचा फासा पुण्यात कुठे मिळेल, तीन महिने शोधला. शेवटी मैत्रिणीच्या घरचा हाउजीचा डबा आणला, त्यातल्या १ ते २० च्या सोंगट्या काढल्या, स्टीलच्या पेल्यात घातल्या, वर हात धरून खळखळ हलवायच्या आणि एक काढायची. २० निघाला की सगळ्या होस्टेलला ऐकू जायचं. ती १३ नंबरची सोंगटी एका बाजूने फुटलेली होती, बोटाला कळायची, म्हणून नियम केला की १३ लागला तर परत काढायची. अशी दोन वर्षं खेळलो. कंपनीला आमच्याकडून एक पैसा मिळाला नाही हे खरं, पण आमच्या त्या सहा जणींपैकी चौघींकडे आज फिफ्थची पुस्तकं आहेत, विकत घेतलेली, माझ्याकडे अकरा.

फासेकर

ताई, तुमचा पेला वाचून अंगावर काटा आला, कारण सांगतो. १९७९ च्या सुमारास मागणी इतकी वाढली की टीएसआरला फासेच पुरेनात. मग होम्सच्या बेसिक सेटमध्ये फाशांऐवजी त्यांनी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या, कापून कपात घाला आणि न बघता एक काढा म्हणून. तुम्ही कर्वेनगरात जे केलं तेच कंपनीने खोक्यात घालून विकलं होतं!

मीनल_एडिसन

न्यूजर्सीतून लिहितेय. मला नियमांतलं काही कळत नाही, मी खेळत नाही, लेक खेळते. २०१६ ला स्ट्रेंजर थिंग्ज ही मालिका बघितली तेव्हा ती दहा वर्षांची, त्यातली मुलं तळघरात हाच खेळ खेळतात ते बघून म्हणाली मला पण हवं. मग लॉकडाऊनमध्ये दर रविवारी लॅपटॉपवर सहा मुलं, दोन भारतातली चुलत भावंडं धरून, तिकडे त्यांची रात्र व्हायची. माझे सासरे शेजारी बसून ऐकायचे आणि जेवताना विचारायचे, त्या बोगद्यातून ते पोरगं सुटलं का.

मला विचारायचंय ते वेगळंच. सहा मुलांत पुस्तक एकच, आमचं, कारण माझी लेक डीएम. बाकी पाच जणांनी फासे घेतले फार तर. मग कंपनीला यात काय सुटतं?

आकडेमोड

मीनलताई, तुम्ही बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. पेशाने हिशोबाचा माणूस म्हणून लिहितो.

हॅस्ब्रोत २०२२ च्या डिसेंबरमध्ये विझार्ड्सच्या तेव्हाच्या प्रमुख सिंथिया विल्यम्स गुंतवणूकदारांसमोर नेमकं हेच बोलल्या होत्या, की डीएम हे खेळणाऱ्यांच्या साधारण २० टक्के पण पैसे देणाऱ्यांत सगळ्यात मोठा वाटा त्यांचा, आणि या खेळातून मिळायला हवा तितका पैसा मिळत नाही. त्याच वर्षी त्यांनी डी अँड डी बियाँड हे संकेतस्थळ १४.६ कोटी डॉलरला घेतलं होतं. म्हणजे बाकीच्या पाच मुलांकडून महिन्याला काही मिळावं हा उद्देश.

आणि पुढच्याच महिन्यात घोटाळा केला. जानेवारी २०२३ मध्ये मोकळ्या लायसन्सचा नवा मसुदा बाहेर फुटला, जुनं रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून विक्रीवर हिस्सा मागणारा. लोकांनी बियाँडच्या वर्गण्या धडाधड बंद केल्या. पायझोने तेव्हा जाहीर केलं की आठ महिने पुरेल इतका पाथफाइंडरच्या मुख्य पुस्तकाचा साठा दोन आठवड्यांत संपला. महिना संपायच्या आत विझार्ड्सने माघार घेतली आणि फिफ्थच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली कायमचा मोकळा केला. फासेकरांच्या वाटणीच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा नाही, पंधरा वर्षांपूर्वी ज्या दगडाला ठेचकाळले तोच.

आवृत्त्यांची तुलना करताना एक काळजी घ्या सगळ्यांनी. कंपनी एकेका आवृत्तीचे सुटे आकडे देत नाही. माइक मर्ल्स २०१६ मध्ये म्हणाला होता की फिफ्थचं प्लेयर्स हँडबुक थर्ड, साडेतीन आणि फोर्थ यातल्या प्रत्येकाच्या आयुष्यभराच्या खपापुढे गेलं. तो फिफ्थ बनवणाऱ्या चमूचा म्होरक्या होता म्हणून धरायला हरकत नाही. पण त्यात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या आवृत्त्या नाहीत हे लोक विसरतात आणि सरसकट 'सगळ्यांपेक्षा जास्त' असं लिहितात. २०२४ चं नवीन हँडबुक सगळ्यात वेगाने खपलं हेही कंपनीचंच म्हणणं, आणि वेग वेगळा, एकूण खप वेगळा. शिवाय आता बरीच गिऱ्हाइकं कागद घेतच नाहीत.

चौथीचा_वकील

बघा, वर्गणीवरच आले शेवटी. म्हणत होतो ना.

नारळीकिनारा

आमच्याकडे किंमत हाच मोठा अडसर आहे. एक हँडबुक बाहेरून मागवायचं म्हणजे कॉलेजातल्या पोराचा महिन्याचा खर्च. आम्ही सात जणांनी वर्गणी काढून एक सेट घेतला, तो आठवड्याला एकेकाच्या घरी जातो, पावसाळ्यात प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. बाकी सगळं मोफतच्या बेसिक रूल्सवर. फिफ्थ आली तेव्हा ते बेसिक रूल्स पहिल्या दिवसापासून फुकट ठेवले ना, तिथेच आम्ही अडकलो. पाथफाइंडर चांगलं आहे म्हणतात, पण इथे सगळ्यांना फिफ्थ येते, नवा माणूस येतो तोच ती बघून आलेला असतो. २०२३ ला बाल्डर्स गेट थ्री हा याच नियमांवरचा कंप्युटर गेम आला तेव्हा तर एका महिन्यात तीन जण आले, तिघांनाही पात्र कसं बनवायचं ते आधीच माहीत!

फासेकर

हेच. १९७४ ला माहीत असलेल्याच्या शेजारी बसायला लागायचं, १९८३ ला पुस्तक शेजारी बसायचं, आता मोबाइल शेजारी बसतो. क्रिटिकल रोल बघितलेला माणूस टेबलावर येतो तेव्हा त्याने शेकडो तास खेळ बघितलेला असतो. फिफ्थचे नियम मोल्डव्हेच्या बेसिकपेक्षा सोपे अजिबात नाहीत, ६४ पानांत होतं ते. तरी चाललं.

सातारच्या_बाई

सगळ्यांना नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. शनिवारी अर्धी शाळा असते, त्यानंतर आठवी-नववीच्या नऊ मुलांबरोबर हा खेळ खेळते, माझ्या भाच्याने शिकवला. नियम इंग्रजीत आणि मुलं मराठी माध्यमाची. मी वाचून मराठीत सांगते, पण मुलांना स्वतः वाचायचं असतं, एक मुलगी तर शब्दकोश घेऊन बसते.

आकडेमोड यांनी लिहिलं की नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळे झाले. म्हणजे मी मराठीत भाषांतर करून मुलांना वाटलं तर चालेल का? शाळेवर काही यायला नको.

आकडेमोड

चालेल बाई. फिफ्थचा जो गाभा जानेवारी २०२३ मध्ये मोकळा केला त्याला श्रेय द्यायची तेवढी अट आहे, त्यांनी दिलेला परिच्छेद छापायचा आणि बदल केलाय असं लिहायचं. भाषांतर, वाटप, अगदी विक्रीसुद्धा चालते. २०२५ मध्ये नवीन नियमांचा गाभाही तसाच मोकळा केलाय. फक्त त्या दस्तऐवजात जे आहे तेवढंच घ्या, मुख्य पुस्तकातलं इतर काही आणि चित्रं घेऊ नका.

हौशी_हाउजी

बाई, मी मदत करते! मंत्रांचा भाग माझ्याकडे द्या. आणि हाउजीचा डबा असेल तर फासे घ्यायची घाई करू नका.

फासेकर

बाई, पात्र तयार करायचा भाग सगळ्यात आधी घ्या, आणि रेड बॉक्ससारखं लिहा, 'तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात' इथून. ते पान मी स्कॅन न करता माझ्या शब्दांत सांगतो तुम्हाला, व्यनि करतो. शब्दांचं काय ठरवलंय? हिट पॉइंटला, म्हणजे पात्रात किती जीव उरला त्या आकड्याला, काय म्हणता?

सातारच्या_बाई

हिट पॉइंटला मी आधी 'प्राण' म्हणायचे, मग 'जीव' करून बघितलं. पण मुलांनीच 'दम' केलं आणि तेच टिकलं. "बाई, माझा दम चारच राहिला, मी मागे जातो." सेव्हिंग थ्रोला 'बचावाचा फासा'. आर्मर क्लासचं, म्हणजे पात्राला वार लागणं किती अवघड त्या आकड्याचं, अजून अडलंय, 'चिलखत' म्हटलं की पोरं विचारतात मग ढाल कुठे मोजायची.

पहिली आठ पानं रविवारी इथेच टाकते, चुका काढा.